उद्या गोरेवाडा

उद्या सकाळी साडेसहा. गेटजवळ, कडुनिंबाखाली.
सातला नाही. सातला बस निघालेली असेल,
आणि ऊन आपल्यासाठी थांबत नाही, हे नागपूर आहे,
फेब्रुवारी असला म्हणून काय झालं.

टोपी. पाण्याची बाटली, भरलेली.
भडक शर्ट नको; खाकी नसेल तर गणवेशच बरा.
अत्तर नको, निहारिका, मी तुझ्याकडेच बघते आहे.
पोळी-भाजी आणा, चिवडा आणा,
पण कागद नेला तसा परत आणायचा, खिशात.

"मॅडम, वाघ दिसन का?"
नाही दिसणार.
मागचा बाक नाराज.
वारूळ दिसेल, विष्ठा दिसेल, मुंग्यांची रांग दिसेल.
"शेन त आमच्या घरापाशीबी हाय, मॅडम."
मग तिथूनच सुरू कर. आज संध्याकाळी.
त्यावर कोण कोण बसतं ते लिहून आण.

संमतिपत्रं बावीस आली. तेवीस हवीत.
एकावर सहीखाली वडिलांची ओळ:
पोरगा पोहता येते म्हणते, येत नाही.
एकावर अंगठा,
अंगठ्याला हळद.

दुपारी मैदानात गप्प बसायची तालीम घेतली.
पाच मिनिटं, डोळे मिटून, ऐकू येईल ते वहीत.
दीड मिनिटात शिंक, मग सगळे फिदीफिदी, मग पुन्हा पहिल्यापासून.
वह्या तपासल्या:
खिचडीच्या पातेल्याचं झाकण. मेट्रो. मुख्याध्यापकांचा खोकला.
आणि अकरा जणांनी लिहिलंय, मागच्या दुकानात टीन ठोकतायत.
दुकान बंद होतं.
कडुनिंबावर तांबट बसला होता,
टुक्, टुक्, टुक्.
आठ वर्षं मी या शाळेत आहे.
मलाही ते दुकानच वाटायचं.

रविवारी एकटी जाऊन आले, वाट बघून ठेवायला.
तलावाकडच्या उतारावर एक झाड,
पान एक नाही, बुंधा पांढरा, जणू कुणी चुना फासून गेलंय.
नाव आठवेना. पुस्तकातही सापडेना.
आज वर्गात फळ्यावर काढलं, वाकडंतिकडं.
कुणाला माहीत आहे?

देवांशू मडावी कधी हात वर करत नाही.
आजही केला नाही. बसल्या बसल्याच म्हणाला,
"रात्री चमकते थे?"
मी रात्री कधी गेलेच नाही रे.
मग त्यानं नाव सांगितलं, त्याच्या घरच्या बोलीतलं,
आणि लगेच मान खाली, जणू डबा सांडला.
मी म्हटलं, परत सांग. परत सांगितलं.
मी म्हणून बघितलं, तो हसला,
पहिल्यांदा, आणि माझ्या उच्चाराला.
फळ्यावर लिहिता येईना मला ते;
खडू तसाच हातात राहिला.
तेविसावा कागद त्याचाच अडलाय.
बाप रामटेककडे कामावर, आज रात्री येतो म्हणे.

आता घरी दहा वाजलेत.
पिशवीत पट्टी, कापूस, मीठ-साखरेची पाकिटं, वीस जादा पेन्सिली.
मघाशी आरशासमोर उभी राहून
एक वाक्य म्हणून बघत होते:
मला माहीत नाही.
पहिल्यांदा आवाज शिक्षिकेचाच निघाला,
माहीत असल्यासारखा.
चौथ्यांदा जरा बरं जमलं.

गजर पाचचा लावलाय.
शिट्टी कुठे ठेवली, सापडत नाही.