नाक मालनचं

तीस वर्षं सेलमच्या एका बोळात
गलाईचं दुकान केलं. दहा बाय आठचं, शटर अर्धं खाली.
तेजाबात चांदी विरघळताना तांबूस धूर उठायचा,
तो थांबला की समजायचं, सोनं तळाशी बसलं.
धुराआधी माझं नाकच थांबलं.
डॉक्टर म्हणाले, येईल परत.
लेंगऱ्याला परत मी आलो. ते नाही आलं.

आता परसात पंचवीस डाळिंबं, दोन शेवगे,
आणि निळा ड्रम, साठ लिटरचा, विकत आणलेला.
तेजाबाचे कॅन माळ्यावर पडून होते, फुकटचे.
हात गेला होता त्यांच्याकडं. मागं घेतला.

विट्यात मुबारक तांबोळ्याच्या माशांच्या दुकानात
हवेचा पंप मागितला, दोन तोंडांचा.
"टाकी केवढी?"
"साठ लिटर."
"मासे कुठले?"
"मासे नाहीत. गांडूळखताचं पाणी उकळायचंय, बिनजाळाचं."
त्यानं पंप दिला, वर करंगळीएवढे दोन हवेचे दगड,
आणि सुट्टे मोजताना माझ्याकडं जरा जपून बघितलं.

अर्ध्या इंची पाईपचा तुकडा घेतला.
सायकलची आरी चुलीत लाल करून
एकेक भोक पाडत गेलो. प्लास्टिक चरचरलं.
मालन आतून ओरडली, "काय जाळताय वं?"
मला कसं कळणार.

तिच्या जुन्या परकराची पिशवी, आत दोन किलो खत,
तोंडाला नाडी तीच.
नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं, औषध उडून जावं म्हणून.
मुठीत मावंल एवढा काळा गूळ.
पंप लावला आणि ड्रम
जेवून कलंडलेल्या पाहुण्यासारखा घोरायला लागला.

पहिली खेप वाया गेली.
रात्री दोनला लाईट गेली, सातला आली.
मी काठी फिरवली, फेस बघितला, खूश,
तांब्या भरून डाळिंबाकडं निघालो.
मालननं पदर नाकाला लावला.
"वता ते गटारीत. उंदीर मेल्यागत येतंय.
झाडांनी काय पाप केलंय?"
रंग तोच होता. फेस तोच होता.

दुसऱ्या खेपेला पोरानं टाकून दिलेला इन्व्हर्टर जोडला,
आणि दर चार तासांनी हाक: मालन, ये गं जरा.
ती येते, पीठ हाताला तसंच,
झाकण उचलते, वाकते, डोळे मिटते.
तीस वर्षं दिवाळीला आठ दिवस भेटलो आम्ही,
त्यातले दोन प्रवासाचे.
एवढ्या जवळून, एवढ्या वेळा
मी तिचा चेहरा कधी बघितला नव्हता.
कपाळावर डावीकडं देवीचा एक वण आहे. तो नवा नाही.

आठव्या तासाला म्हणाली, "नुसता गूळ."
बाराव्याला, "ताक. जरा उतरलेलं."
मधल्या रात्री दोनदा उठवली, दोनदा शिव्या दिल्या,
पण वास घेऊन मग दिल्या.
चोविसाव्याला काहीच बोलली नाही. परत वाकली.
"भुईमूग उपटल्यावर मुळीला येतो, तसा."

मी मान हलवली, जाणत्यासारखी.
भुईमूग आठवला. ओल्या शेंगा, नखात गेलेली माती,
बांधावर वाळत घातलेले वेल,
अण्णांच्या खांद्यावरचं पोतं.
वास सोडून सगळं आठवलं.

"बसलाय काय? गाळा आता.
उशीर केला तर परत घाण मारंल."
पंप बंद केला. कान सुन्न झाले.
परकराची गाठ पाण्यानं फुगलेली, काही केल्या सुटेना.
तिनं दातानं सोडवली, बाजूला थुंकली,
ओठ पुसला,
आणि जरा थांबून म्हणाली,
"गोडसर हाय की."