येथे जाहिरात करा

पाथर्डी फाट्याच्या थांब्यावर
दसऱ्यापासून एकच जाहिरात:
येथे जाहिरात करा.
खाली माझा नंबर.

फोन येतात.
नाशिकरोडची गाडी गेली का हो?
मी सांगतो, आम्ही फक्त शेड सांभाळतो.
गाडी महापालिकेची, खड्डे कुणाचे ते माहीत नाही,
शेड आमची, दहा वर्षं.
करारात लिहिलंय:
धुणे आठवड्यातून दोनदा, बाक शाबूत,
दिवा संध्याकाळी सात ते बारा.
पैसा मात्र फलकातून यायचा.
फलक रिकामा, मग विजेचं बिल कुणी भरायचं?
शेठ म्हणाले, फ्यूज काढ.
काढला.

गंगापूर रोडच्या थांब्यांना ही काळजी नाही.
तिथे काचेत बारा मजले उभे असतात,
सराफाची नवरी रात्रभर हसते,
आणि तिच्या उजेडात चिल्लर मोजतात
सोसायट्यांचे वॉचमन, पोळ्या लाटून निघालेल्या बाया.

परवा रात्री सव्वानऊला फोन.
अलका गांगुर्डे बोलतेय,
अंबडला वायरिंगच्या कारखान्यात असते,
ओव्हरटाइम करून आत्ता फाट्यावर आलेय.
जाहिरात द्यायचीय. काय भाव?

मी सांगितला. पंधरा दिवसांचा, वर जीएसटी.

बराच वेळ नुसता ट्रकांचा आवाज.
मग म्हणाली,
आणि नुसत्या दिव्याचा?

दरपत्रकात तसा रकानाच नाही.

सकाळी शिडी घेऊन गेलो, फ्यूज बसवला.
फलक पुसला, माझाच नंबर जरा लख्ख झाला.
शेठना अजून बोललो नाही.
हिशेबाच्या वहीत तूर्तास
'किरकोळ'मध्ये टाकलाय.