कडी

तिचं खरं नाव बाहेर कुठे लिहायचं नसतं,
म्हणून इथे प्रांजल म्हणते.
वय नऊ. सातपूर, अशोकनगरच्या मागची चाळ.
खोलीचं दार निळं,
आणि कडी बाहेरून.

फोन शेजारच्या बाईचा होता, दहा-नऊ-आठवर.
नळ मोठा सोडून बोलत होती,
भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून.
"पोरगी रडते तेव्हा बरं वाटतं ताई.
आवाज येत नाही ना, तेव्हा जीव थाऱ्यावर राहत नाही."

आम्ही दोघी गेलो, मी आणि हवालदार सोनवणेबाई,
साध्या कपड्यांत,
एमआयडीसीची पहिली पाळी सुटायच्या सुमाराला.
कडी मी काढली.
मी एवढंच केलं खरं तर. बाकीचं कागदांनी केलं.

ती भांडी घासत होती,
आधीच घासलेली.
"पप्पा सातला येतात," म्हणाली.
मी म्हटलं, "माहीत आहे."
पहिला प्रश्न जखमेचा विचारायचा नसतो.
मी विचारलं, या पातेल्याला पोचा कसा आला?
हसली नाही. पण पातेलं खाली ठेवलं.

चोवीस तासांच्या आत समितीसमोर.
लांब टेबल, कुरकुरणारा पंखा.
पाटणकरबाई, निवृत्त मुख्याध्यापिका,
उठून टेबलाच्या अलीकडे आल्या,
पोरांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या,
गुडघे हनुवटीशी.
"तुला काय हवंय बाळा?"
"दप्तर."

म्हणून मी परत त्याच निळ्या दारात.
आईने दप्तर दिलं, मान वर न करता.
मग थांबवलं,
पुढच्या कप्प्यात खोबरेलाची बाटली कोंबली.
"उवा होतात तिला. सांगा तिथल्या लोकांना."
फॉर्मवर एक ओळ होती:
आईचे बालिकेशी संबंध, चांगले, मध्यम, वाईट,
योग्य तिथे खूण करा.
पेनातली शाई संपली, असं मी स्वतःला सांगितलं.

लोक म्हणतात, तुम्ही पोरं उचलून नेता.
तेच लोक म्हणतात, इतके दिवस झोपला होतात का?
द्वारका चौकात सिग्नलला स्कूटर थांबली
की दोन्ही वाक्यं एकदम ऐकू येतात.
एका मुलाकडे आम्ही उशिरा पोचलो होतो.
त्याची फाईल कपाटात सगळ्यात वर आहे.
तिच्याखालून बाकीच्या काढाव्या लागतात.

साडेचार महिने बालगृह. मग मावशी सापडली,
सिंधू, मखमलाबादला,
द्राक्षबागेत घड बुडवायच्या कामावर.
पत्र्याची एक खोली.
"लेक नाही मला. पण ताट एक जास्तीचं आहे."
मी पाणी पाहिलं, संडास पाहिला,
शाळेचं अंतर पायी चालून मोजलं,
शेजाऱ्यांशी उगाच कांद्याच्या भावाच्या गप्पा मारल्या.
शेवटी दार पाहिलं.
कडी आतून होती, पण वर,
मोठ्या माणसाच्या हाताला लागेल अशी.
"अजून एक बसवा. तिच्या खांद्याइतकी."
"हे नियमात आहे का?"
"नाही."
शनिवारी तिने बसवून घेतली.

तिसरी पाठपुरावा भेट. डिसेंबरातला रविवार,
बागांत पहाटे पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर अजून खाली रेंगाळलेला.
मी दार वाजवलं.
"कोण?"
नाव सांगितलं. ऑफिस सांगितलं.
ओळखपत्र फटीपाशी धरलं.
आत चप्पल सरकली. बराच वेळ काही नाही.
मग दाराच्या अगदी जवळून,
"मावशी आली की या.
एकटी असताना कुणालाच उघडायचं नाही.
तुम्हीच सांगितलंय."

मी पायरीवर बसले, पाऊण तास.
आतून तेराचा पाढा येत होता,
सातापाशी चुकला,
मी दुरुस्त केला नाही.

अहवालात लिहिलं:
बालिकेने दार उघडले नाही.
प्रगती समाधानकारक.