पान नंबर

मॅडमनी पेन्सिलीने गोल केला
आणि गोलाबाहेर लिहिलं : कोण म्हणतं?
मग खाली, जरा नरमाईने : पान नंबर?

विषय मीच निवडलेला,
ठाणे खाडीच्या मिठागरांतले शब्द.
अठराव्या पानावर वाक्य होतं,
‘कोंडीत पाणी उधाणाच्या भरतीला घेतात.’
एवढंच.
कोण म्हणतं?

हसुराम भोईर म्हणतात.
कोपरीला, मीठबंदर रोडवर, दुसऱ्या मजल्यावर,
गुडघ्यांना तेल चोळत.
रस्त्याच्या नावात मीठ आहे, बंदर आहे.
रस्त्यावर एक टायरवाला, दोन क्लासेस,
आणि उपाशीपोटी या असं सांगणारी लॅब.
मी तिथे चार वेळा गेले.
हसुरामना पान नंबर नाही.

म्हणून लायब्ररीत गेले.
हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक, लेखक बापट,
मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का नव्व्याण्णव सालचा.
पान सत्तेचाळीस :
‘भांगाच्या भरतीस पाणी आत घेतात,
असे एका स्थानिक मजुराने सांगितले.’

भांगाच्या?

मग ते वाक्य मला जिथे तिथे भेटत गेलं.
एका प्रबंधात. एका गौरवग्रंथात.
चर्चासत्राच्या दोन निबंधांत, त्यातल्या एकात तर ठळक टाइपात.
चौघांच्याही खाली टीप कशी अगदी नीटस :
बापट, उनि., पृ. ४७.
एकानेही खाडीकडे तोंड करून
विचारलं नव्हतं, काय गं, खरं का?

पाचव्यांदा गेले ती झेरॉक्स घेऊनच.
वाचून दाखवली.
तेलाचा हात थांबला.
“भांगाला पानी कोंडीपर्यंत येतंच नाय गो.
घेनार कशी? डोल्यांतून?”
मग बराच वेळ काही नाही.
खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चालू झाला, बंद झाला.
“आलता यक चश्मेवाला. सायकलवर.
च्या पिला. मी उधान सांगला, त्यानी भांग लिवला.
बुक धारतो बोलला व्हता.”

चाळीस वर्षं होत आली.
मी स्थानिक मजुराकडे बघत राहिले.
स्थानिक मजूर दुसऱ्या गुडघ्याकडे वळले.

वहीत नमुना होता, तो भरायला घेतला.
आडनाव आधी, मग नाव, वय, ठिकाण, दिनांक.
भोईर, हसुराम.
“उलटा कशाला?”
तशी पद्धत आहे, म्हटलं.
“आन् बापूस?”
नमुन्यात बापाला जागा नव्हती.
वय? ऐंशी धर, कमी पडला तर मी भरीन.
दिनांक मी लिहिणार, तेवढ्यात म्हणाले,
“तारीक कोनाला कललीय? अष्टमी लिव.
आज भांग हाय. बग जाऊन, पानी कुठपर्यंत आलंय ता.”

गेले.
खारफुटीच्या अलीकडे चिखल नुसता,
त्यावर निवट्या उड्या मारत होत्या.
पाणी लांब होतं.
मोबाइलमध्ये फोटो काढला. फोटोलाही टीप लागते,
हे रस्त्यावर परत येताना आठवलं.

रात्री पेपर तपासणीच्या सॉफ्टवेअरला घातला.
बावीस टक्के साम्य.
भांगाचं वाक्य, मी खोडून काढायला म्हणून अवतरणात घेतलेलं,
ते लालभडक, चार ठिकाणी जुळणारं.
उधाणाचं वाक्य पांढरंच राहिलं,
सगळ्या जगात कुठेच सापडलं नाही म्हणे.

सूची अकारविल्हे लावली.
प्रधान झाले, बापट झाले,
आणि बापटांच्या बरोबर खाली
भोईर, हसुराम पोशा, मुलाखत, माघ शुद्ध अष्टमी.
पोशा आणि अष्टमी
मॅडम काढायला लावतील बहुतेक.
मी दोन्ही ठेवलंय, विचारतील तेव्हा बघू.

स्टेशनजवळच्या स्पायरलवाल्याला म्हटलं,
तीन प्रती.
पैसे मोजता मोजता म्हटलं,
नाही, चार करा.