दोन डोळ्यांचे दोन निळे

एकतीस वर्षं मी बोथनियाच्या आखातात
बोयांचे दिवे दुरुस्त केले.
बंदरात शिरताना तांबडा डाव्या हाताला, हिरवा उजव्या.
रंग म्हणजे हुकूम. त्यात आवडनिवड नव्हती.

आता औलूच्या दुकानात, बाहेर दुपारी अडीचलाच काळोख,
एतू नावाचा पोरगा फोनच्या काचेवर बोट सरकवतो
आणि टाकीतलं पाणी बदलत जातं :
जांभळं, गर्द निळं, मग दुधाळ.
“लाल कमीच ठेवा आजोबा, शेवाळ माजतं.
निळा वाढवला की बघा.”
निळा वाढतो, आणि मळकट तपकिरी प्रवाळ
एकदम हिरवे पेटतात,
रस्त्यावरच्या कामगारांच्या जाकिटांसारखे.

मी उजवा डोळा मिटतो.
डाव्यात अजून जुनंच भिंग, मोतीबिंदूचं.
त्यातून निळा दिसतो चहा सांडल्यासारखा.
डावा मिटतो.
उजव्यात ऑक्टोबरमध्ये बसवलेलं नवं,
त्यातून तोच निळा असा
की दात शिवशिवावेत.
कुठल्या डोळ्याने निवडू?
एतूला विचारत नाही. त्याचे दोन्ही डोळे एकाच मताचे.

प्रवाळाला तर डोळाच नाही.
त्याच्या कातडीत राहतात बारीक भाडेकरू,
उजेड खातात, भाडं साखरेत चुकवतात.
उजेड फार झाला तर बिऱ्हाड हलतं,
मागे नुसता पांढरेपणा.
त्यांना विचारायचं कसं?
म्हणून घरी आणून वीस टक्क्यांवर लावला,
दर रविवारी पाच टक्के वाढ.
इतकी नियमित वाढ मला पगारात कधी मिळाली नव्हती.

तिसऱ्या रविवारी
हातोडीच्या आकाराची टोकं हळूच बाहेर आली
आणि पंपाच्या लाटेत डुलू लागली.
आमच्या समुद्रात यातलं एक जगलं नसतं.
खुर्ची ओढून बसलो. एकदा हा डोळा, एकदा तो.

तेवढ्यात राइलीने विणकाम मांडीवर आपटलं :
“तौनो, माझी लाल लोकर काळी दिसतेय.
दोनदा उसवली.”

त्या रात्री वेळापत्रक पुन्हा बसवलं.
सकाळी जांभळा. दुपारभर निळा.
संध्याकाळी सात ते आठ पांढरा,
आणि त्यात लाल,
एतू म्हणाला होता त्यापेक्षा जरा जास्तच.
शेवाळ येईल. काचेवरून खरवडून काढीन.
मोजा टाचेपर्यंत आलाय.