न चं घर

ठाकूरद्वारच्या आमच्या छापखान्यात
हुकूम आला तो सायक्लोस्टाइल केलेला:
यापुढे कोणताही नकार छापला जाणार नाही.
भिकाजी तिरोडकरांनी चष्मा कपाळावर ढकलला.
म्हणाले, ह्यातच दोनदा आहे की हो तो.
हवालदाराला हसू आलं,
साहेबाकडे बघून त्याने ते गिळलं.

मग केसमधलं न चं घर रिकामं केलं त्यांनी.
हेडिंगचे जाडे, तळटिपांचे बारके,
अर्धे, जोडाक्षरांत अडकलेले,
सगळे खिळे गोणपाटात.
पोतं इतकं जड की जीपमध्ये
दोघांच्या मधे माणसासारखं बसवून नेलं.

पहिल्यांदा आल्या लग्नपत्रिका.
नवरीचं नाव सुमन. आम्ही छापलं सुम
आणि पुढे एक कोरी जागा, न च्याच रुंदीची.
बाप भांडायला आला,
पत्रिका हातात धरून दोनदा वाचली,
आणि पैसे देऊन गेला.

मग सरकारचंच काम आलं. साठ हजार प्रती.
घोषवाक्य होतं: शासन हेच जीवन.
तिरोडकरांनी काही विचारलं नाही. जुळवलं.

शास     हेच जीव

शिवडीपर्यंतच्या भिंतींवर ते लागलं.
लोक समोर उभे राहायचे
आणि मोकळ्या जागेशी आले की
ओठ हलायचे, आवाज न करता.
कोऱ्या जागेला बेडी कुठे घालणार?

तिसऱ्या दिवशी पोतं परत आलं.
तिरोडकर आले नाहीत.

रोज संध्याकाळी मोजदाद मग.
दोनशे बारा. वहीत माझी सही.
दोनशे बारा. सही.
एका मंगळवारी दोनशे अकरा.

खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं,
मऊ जागा मिळाली की सुलटं होतं.
माझगावात इश्तियाकच्या भट्टीतून
पाव निघाले, बुडाला बारीक न.
इस्पितळाच्या साबणाच्या वड्यांवर न.
टपालाच्या लाखेवर, थेट मंत्रालयाच्या पत्त्यावर, न.
कोणी कोणाला दिला, कोणी कुणाकडून घेतला,
मला ठाऊक होती फक्त अलीकडची एक आणि पलीकडची एक कडी.

जीप आली तेव्हा तो माझ्या मुठीत होता.
पत्रिका दुमडणाऱ्या अहिल्या कोचरेकरीणबाईंनी
चहाचा कप माझ्यापुढे धरला,
आणि कप परत नेताना तोही नेला.

खरं सांगतो, त्या खोलीत
मला एकदाही तो उच्चारता आला नाही.
हो साहेब म्हणालो. होय साहेब.
तिरोडकरांबद्दल जे लिहून ठेवलं होतं
त्याच्याखालीही सही केली.
मूठ मात्र उघडली नाही.
शेवटी त्यांनीच एकेक बोट सोडवलं.
आत शिसं नव्हतं,
तळव्यावर लालसर खूण होती, सुलटी.
साहेब बराच वेळ बघत राहिला.
पहाटेपर्यंत ती आपोआप बुजली
आणि पुराव्याअभावी मी घरी.

आता ते फोटो भिंतींवरून उतरलेत.
खिळे किलोच्या भावाने गेले.
परवा कोचरेकरीणबाईंची मुलगी
काडेपेटीतून काहीतरी घेऊन आली.
तोच. झिजून झिजून गाठ गेलेली,
नुसता काना उरलेला.
मी तळव्यावर दाबून पाहिला.
उमटलं ते वाचता येईना.
दुखलं मात्र ओळखीचं.