सात मिनिटं पुढे

आमच्या घरातलं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं,
ती वजा करायची सगळ्यांना सवय होती.
रविवारी कोथरूडला साडेपाचचा प्रयोग असला
की इकडे सहकारनगरात, दुसऱ्या मजल्यावर,
आई कणीक तिंबता तिंबता मान वळवायची
आणि म्हणायची, "पडला बघ."

म्हणजे बाबा. टेबलावरून, उताणा,
हातातल्या बशीतला चहा न सांडता.
'उलटी चप्पल, सुलटा पाय', दुसरा प्रवेश,
सहा वाजून दहा.
शार्दूल लगेच सतरंजीवर पडून दाखवायचा
आणि मी टाळ्या वाजवायचे,
आठशे माणसांच्या वतीने, एकटी.

घरी बाबा कधी पडला नाही.
गॅसला नंबर लावायचा, माझे अपूर्णांक तपासायचा,
सोहनी काकू "एखादा विनोद होऊन जाऊ द्या" म्हणाल्या
तर विचारायचा, "पाकीट आणलंय?"
त्या हसायच्या. तो हसायचा नाही.

दौऱ्यावरून पहाटे यायचा,
कानामागे पॅनकेकची रेघ राहिलेली.
ती आई ओल्या बोटाने पुसायची
आणि टेलिफोन एक्स्चेंजची बस गाठायला पळायची.
माझं एकही गॅदरिंग त्याने पाहिलं नाही.
सांगलीहून फोन केला एकदा, "एन्ट्री कशी झाली?"
मी म्हटलं, मी झाड होते, झाडाला एन्ट्री नसते.
"पडदा उघडायच्या आधी येऊन उभं राहायचं," तो म्हणाला,
"तीच तर अवघड."

मग ते दुसरं नाटक आलं.
त्याचं नाव आई घेत नसे. "ते तुझं," एवढंच.
त्यात बाबाचा मुलगा जायचा.
रात्रीचा फोन, बातमी कानात,
आणि बाबाने काही बोलायचं नाही,
मुलाच्या स्वेटरची घडी घालत राहायचं.

पहिल्या प्रयोगाला, टिळक स्मारकात,
बाबा नुसता आत आला आणि लोक हसले.
प्रेमानेच हसले, जुन्या ओळखीने.
फोन वाजला, तरी हसले.
त्याने घडी घातली.
उलगडली. पुन्हा घातली.
हशा विझायला किती वेळ लागला, सांगता येणार नाही.
मी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून
खुर्चीचं रेक्झिन उचकटत होते.
कुणीतरी खोकलं.
मग तो खोकलाही थांबला.

स्वेटर आमचाच होता.
शार्दूलचा, निळा, कोपरावर रफू केलेला.
घरी येईपर्यंत आई रिक्षात एक शब्द बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी तुळशीबागेतून तपकिरी आणला तिने,
बिल टाचून त्याच्या बॅगेत ठेवला.
"ह्याची घडी नीट बसत नाही," बाबा म्हणाला.
"नको बसू दे."

एकशे बारा प्रयोग झाले.
रात्री साडेनऊचा असला की
अकरा पंचविसाला आई घड्याळाकडे बघायची नाही.
उठायची, पॅसेजचा दिवा लावायची,
झोपलेल्या शार्दूलच्या नाकाशी बोट धरायची,
मग त्याचसाठी उठल्यासारखी
माठातलं पाणी प्यायची.
मी जागी असायचे. मी झाड होते.

आता शार्दूल हैदराबादला असतो, टक्कल पडलंय त्याला.
बाबा मालिकेत आजोबा असतो, कधी मिश्कील, कधी आजारी,
दिग्दर्शक सांगेल तसा.
गुडघ्यांमुळे पडायची कामं घेत नाही.
भिंतीवरचं घड्याळ नवीन आहे, बरोबर चालतं,
त्यामुळे कुणाचा त्याच्यावर विश्वास नाही.

अकरा पंचविसाला तो फोन लावतो.
"काही नाही रे, सहजच. जेवलास?"
तिकडून काय काय ऐकत राहतो,
मोबाइल खांद्याने कानाशी दाबून,
हातांनी सोफ्यावरच्या टॉवेलची घडी घालत.
आई आतून ओरडते,
"पुरे. ठेव आता. झोपू दे त्याला."